पाटलाच्या पोरीचं पुढे काय झालं

तुळशीराम मेश्राम आमच्या दारात पहिल्यांदा आले ते बगलेत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मारून. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "बाई, हा दगड खाली पडला का नाही, थे लिवलं हाय का इथं?"

मी पोळ्या लाटत होते. पिठाचे हात तसेच धरून मी चित्र पाहिलं. युरोपातल्या कुठल्याशा किल्ल्याचं बांधकाम, सात-आठशे वर्षांपूर्वीचं. एका मोठ्या लाकडी चाकात दोन माणसं चालतायत, चाकावर दोर गुंडाळला जातोय आणि दोराला बांधलेला दगड भिंतीच्या निम्म्यावर लटकतोय. मी इतिहासाची बी.ए., भिलाईत सेक्टर सहाच्या शाळेत इतिहासच शिकवायचे, पण असलं चाक मी जन्मात पाहिलं नव्हतं. मेश्रामभाऊंना मात्र चाकाचं नवल नव्हतं आणि किल्ल्याचंही नव्हतं. ते कारखान्यात रिगर होते. भट्टीचे, मिलचे घराएवढे लोखंडी तुकडे यायचे, ते तारेच्या दोरानं बांधून क्रेननं जागच्या जागी चढवायचे, हे त्यांचं काम.

"एकाच फेऱ्यात बांधला हाय पाहा," ते म्हणाले. "फिरन हा. फिरला का सटकला. अन् खाली मानूस हुभा हाय!"

त्या खालच्या माणसावर त्यांनी बोट ठेवलं होतं. तो मरून सातशे वर्षं झाली असतील, पण ह्यांचा जीव खालीवर होत होता. मला हसू आवरेना. आमचे हे आतून ओरडले, "अरे मेश्राम, बस तर खरा!" तेव्हा कुठे गडी टेकला.

शेजारच्याच क्वार्टरमध्ये ते नुकतेच आले होते. दोन खोल्यांचं क्वार्टर आणि राहणारा माणूस एकटा. त्याआधी तीन वर्षं कामगारांच्या कॅम्पात, पत्र्याच्या झोपडीत काढलेली. तिथेच रात्रीच्या वर्गात बसून मराठी वाचायला शिकले होते, आणि आता इंग्रजीचा ध्यास लागला होता. "शिकायचंच हाय तर कामाचं शिकावं," म्हणून दुर्गच्या बाजारात रद्दीवाल्याकडून हे पुस्तक उचललं, कारण त्यात लोड, म्हणजे जड माल, उचलायचं चित्र होतं. आत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आत होती ह्यूगो नावाच्या एका सरदाराची आणि त्याच्या घराण्याची सगळी हकिगत, किल्ल्यापासून कुत्र्यांपर्यंत.

त्या दिवशी मी चहा दिला. त्यांनी कप हातात घ्यायच्या आधी आमच्या ह्यांच्या कपाकडे एक नजर टाकली. दोन्ही कप सारखेच होते. त्यांनी पाहिलं ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. मग ते चहा प्यायले. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन त्यांना सात-आठ वर्षं झाली होती, पण डोळ्यांची सवय अशी थोडीच जाते.

ठरलं असं, की त्यांच्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी आमच्या ओट्यावर अर्धा तास मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. सुट्टी शिफ्टप्रमाणे फिरती, कधी मंगळवार, कधी शुक्रवार. ते मात्र ठरल्या वेळी हजर. पांढरा शर्ट, तांब्यात निखारे घालून केलेली इस्तरी, केसांना पाणी. आल्याबरोबर पहिला प्रश्न ठरलेला असे, "हं बाई, पाटलानं आज काय केलं?"

सरदार, काउंट हे शब्द मी दोनदा समजावून सांगितले. त्यांनी मान डोलवली आणि म्हणाले, "म्हंजे पाटीलच न जी. गावाचा मालक, लोकाच्या पोटावर पाय. आमाले नका सांगू, आमचा आजा पाटलाच्या दारात हुभा राहून बुडाला." झालं, ह्यूगोचा पाटील झाला आणि त्याची बायको अडेला ही पाटलीनबाई झाली. लढायांची पानं आली की ते जांभया देत. "थे सोडा. मारामारी आमच्याकडंबी होते. घरात कसा व्हता थे सांगा."

आता मेख अशी, की माझे आजोबा वर्ध्याकडचे पाटील. खरेखुरे. हे मी त्यांना सहा महिने सांगितलंच नाही. त्यांनी पाटलाला शिव्या घातल्या की मी पुढचा परिच्छेद घाईनं वाचायला लागे. एकदा न राहवून कबूल केलं. ते खो खो हसले. "मले मालूम व्हतं बाई. तुमी पोराईले 'इकडे ये' म्हनता न, त्या आवाजावरून समजते."

आवाज त्यांचा स्वतःचा फारच थोडा. कारखान्याच्या आवाजात ओरडून कोणाला ऐकू येतं? रिगर बोलतो ते हातानं. तर्जनी वर करून गोल फिरवली की उचल, पंजा खाली हलवला की सोड, मूठ मिटली की जागच्या जागी थांब. ही भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की दूधवाल्यालाही मूठ मिटून दाखवायचे, आणि तो बिचारा माप तिथेच थांबवायचा. कारखाना रशियाच्या मदतीनं उभा राहत होता; तिथल्या रशियन इंजिनिअरचं आणि मेश्रामभाऊंचं मेतकूट जमलं ते ह्यामुळेच. त्याला हिंदी येत नव्हती, ह्यांना रशियन येत नव्हती, आणि दोघं दिवसभर हातांनी गप्पा मारत. लोड उचलायची त्यांची पद्धत एकच. आधी हातभर उचलायचं, थांबायचं, दोर कुठे ताणला, कुठे फिरला ते पाहायचं, मग वर न्यायचं. कितीही घाई असो. एकदा म्हणे रशियन साहेब घड्याळ दाखवून लालेलाल झाला, तर ह्यांनी लोड पुन्हा जमिनीवर ठेवला, दोर सोडला, नव्यानं बांधला आणि मग साहेबाकडे पाहून गोड हसले. साहेबानं सिगारेट दिली. ती त्यांनी ओढली नाही, वर्षभर घरात जपून ठेवली.

दुसरी खोली त्यांनी कधी वापरली नाही. तिच्यात एक खाट होती. रशियातून यंत्रं ज्या लाकडी पेट्यांतून यायची, त्या पेट्यांच्या फळ्या मिळत. त्यांची केलेली ही खाट, बाजूवर अजून रशियन अक्षरं. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती एवढीशी होती, चार वर्षांच्या लेकराला पुरेल अशी. पुढच्या वर्षी पाहते तर पायथ्याशी वीतभर जोड दिलेला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक.

"हे काय हो भाऊ?"

"सुजाताची हाय," ते म्हणाले. "दोरा घेऊन जातो न मी गावाले. मोजून आनतो."

अशी कळली सुजाता. दीक्षेनंतर जन्मलेली, म्हणून हौसेनं ठेवलेलं नाव. ती महिन्याची असताना आई तापानं गेली. मेश्रामभाऊ कॅम्पात झोपडीत, वर तीन पाळ्यांची ड्युटी. साकोलीजवळच्या गावी मामा होता, गणपत, आणि मामी रुखमा. त्यांना मूल नव्हतं. मामीनं लेकरू उचललं ते छातीशीच धरलं. बकरीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून जगवलं तिला. मेश्रामभाऊ महिन्याकाठी दोन सुट्ट्या जोडून जायचे, गोंदियापर्यंत पॅसेंजर, पुढे मोटार. पोरगी त्यांना "भिलाईवाले बाबा" म्हणायची. हे सांगताना ते हसले, पण मला काही हसू आलं नाही.

"आणत का नाही हो तिला?" मी एकदा सरळच विचारलं. माझं तोंड असंच आहे, पोटात काही राहत नाही.

"कसा आनू बाई? रात्रपाळीले कोनापाशी ठेवू? अन् वहिनीच्या मांडीवरून कसा उचलू? तिनं जगवली." आणि पुढे, "पन खाट तर असू द्या. खाटेनं कोनाचं काय बिघडते?"

ह्यूगोच्या मुलांचं प्रकरण वाचायला घेतलं ते ह्याच सुमाराला. मोठ्या घराण्यांची तिकडे रीतच होती. मूल सात वर्षांचं झालं की दुसऱ्याच्या घरी द्यायचं. थोरला रॉबर्ट गेला वरच्या सरदाराकडे, पंगतीत पेले धरायला आणि घोड्यांना खरारा करायला. धाकट्या ओडोला मठात दिलं. आणि मुलगी मटिल्डा, तिचं लग्न ठरलेलं, म्हणून तिला सातव्या वर्षी सासरच्या किल्ल्यावर धाडलं, तिकडेच लहानाची मोठी व्हायला.

 मेश्रामभाऊ म्हणाले, "येवढा मोठा किल्ला, अन् लेकराईले जागा नाही? का बाप्पा!"

"रीत होती भाऊ. त्यात वाईट मानत नसत."

"पाटलीनबाई रडली का नाही?"

"ते नाही लिहिलेलं."

पण मला दिसलं, की ही गोष्ट त्यांना कुठेतरी बरी वाटली. पुढे ते दोनचारदा स्वतःहून बोलले, "मोठ्या मोठ्यायची रीत हाय, बाई. लेकरू दुसऱ्याकडं वाढलं म्हंजे बाप काही खराब नसते." आता मी म्हणते, मला तेव्हाच बोलायला हवं होतं. ज्या पाटलाच्या जातीला ते जन्मभर शिव्या घालत आले, त्याच पाटलाच्या रीतीवर त्यांनी ह्या एकाच बाबतीत विश्वास टाकला. आणि पोरगी मामाकडेच राहू द्यायला गावी होकारही देऊन टाकला.

ते मला कळलं गणपतचं पत्र आलं तेव्हा. सुजाताला सातवं लागलं होतं. गणपतनं लिहिलं होतं की तुम्ही मागच्या खेपेला हो म्हणालात, तर आता दत्तकाचा कागद करून घेऊ. चार एकर तिच्या नावे होईल. विहारात पंचांसमोर सही करायची. मात्र कागद झाल्यावर भाऊजींनी महिन्या-महिन्याला येऊ नये, पोरीचं मन दोन्हीकडे होतं, रुखमाच्या जिवाला घोर लागतो. पत्र वाईट नव्हतं. त्यात कोणाचंच काही चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती.

मेश्रामभाऊ पत्र आणि पुस्तक दोन्ही घेऊन आले. त्या दिवशी सुट्टी नव्हती, अंगावर कामाचेच कपडे.

"बाई, मले थे पाटलाची पोरगी पुढं कशी राह्यली थे सांगा. सुखात राह्यली का? बापाले कधी भेटली का? येवढं पाहून सांगा. चांगली राह्यली असन तर मी सही करतो."

मी म्हटलं, अहो, ती कोण, तुम्ही कोण! एका परक्या मुलुखातल्या पोरीवरून तुम्ही इथला निकाल लावणार? पण ते हटून बसले. त्यांना दुसरं कोण होतं विचारायला? त्यांनी पाहिलेलं असं दुसरं उदाहरणच नव्हतं.

दोन दिवस मी पुस्तक चाळलं. पोळी करपली, पोरांच्या वह्या तशाच राहिल्या. रॉबर्टची माहिती पानंच्या पानं होती. ओडो मठाचा मुख्य झाला, तेही होतं. मटिल्डाची एकच ओळ सापडली, शेवटून दुसऱ्या प्रकरणात, तळटिपेत. तिला सासरी पाठवल्याचा उल्लेख आहे, त्यानंतर तिची कोणतीही नोंद मिळत नाही.

आता खरं सांगते. मला खोटं बोलायचं होतं. "चार मुलं झाली तिला, सुखात राहिली, बापाला भेटायला यायची," असं म्हणायला माझं काय जात होतं? ते मोकळ्या मनानं सही करून आले असते, रुखमाच्या पदरात पोर पडली असती. किंवा "हाल हाल झाले हो तिचे" असं म्हटलं असतं, तर ते धावत जाऊन पोरीला घेऊन आले असते. दोन्ही माझ्या जिभेवर होतं. एका माणसाचा संसार माझ्या एका वाक्यावर टांगलेला, आणि वाचणारी मी एकटी. त्यांना पानावरचं इंग्रजी लागत नव्हतं, म्हणून तर माझ्याकडे आले होते. त्या विश्वासानंच माझा हात धरला. जे होतं तेच मी वाचलं.

"नोंद नाही म्हंजे?"

"म्हणजे पुढे तिचं काय झालं ते कोणी लिहून ठेवलं नाही. कोणाला माहीत नाही."

"बापानं इचारलं तर असन न कोनाले?"

"विचारलंही असेल. लिहिलेलं नाही."

ते उठले, ओट्याच्या कडेपर्यंत गेले, परत आले. "बाई, पाटलाच्या कुत्र्याईचे नावं लिवले हायेत त्याच्यात. तुमीच वाचले. घोड्याचं नाव हाय, घोडा लंगडा कावून झाला थेबी हाय. अन् पोरीचं नाही?"

 माझ्या विषयाची मलाच लाज वाटली.

"असा कसा बाप म्हनायचा ह्याले," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसलंही नाही. आमचे हे उठून आत गेले, त्यांना पुरुषाचं रडणं पाहवत नाही. मी तिथेच बसले.

दुसऱ्या दिवशी ते गावी गेले. तिथे काय झालं ते नंतर त्यांनीच सांगितलं. विहारात पंच बसले होते, कागद तयार होता. मेश्रामभाऊंनी कागद बाजूला ठेवला आणि सुजाताला जवळ बोलावून विचारलं, "तुले कुठं राह्यचं हाय, माय?"

कोणी विचारेल असं त्या लेकराला वाटलंच नव्हतं. तिनं बापाकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "दोन्हीकडं."

पंच हसले. गणपत चिडला. म्हणाला, लेकराले का समजते, भाऊजी, तुमी हो म्हनले व्हते. मेश्रामभाऊ म्हणाले, हो, म्हनलो व्हतो, चुकलो. अन् सही केली नाही.  रुखमा उठून घरी गेली आणि दोन दिवस तिनं अन्नाला हात लावला नाही. हे सांगताना मेश्रामभाऊंची मान वर होत नव्हती. "वहिनीले मारल्यासारखं झालं बाई. पन कागदावर मी बाप नाही असं लिवायचं, अन् मंग जायचं बंद करायचं... मले नाही जमलं."

चार महिने गणपतकडून चकार शब्द नाही. मेश्रामभाऊ जात राहिले, महिन्याकाठी, अंगणात बसून पोरीला भेटून परत. पाण्याचा तांब्या समोर यायचा, बोलणं नाही. आणि जूनच्या शेवटी, काही न कळवता, रुखमाच आली. दुर्ग स्टेशनवरून टांगा करून, एका हातात सुजाता, दुसऱ्या हातात गाठोडं. मेश्रामभाऊ ड्युटीवर होते, म्हणून आमच्याच ओट्यावर बसली. काळी, शिडशिडीत, डोळे कोरडे. मी पाणी दिलं.

"तिकडं चौथीच्या पुढं शाळा नाही, आज ना उद्या इकडं यावंच लागन," ती म्हणाली. "अन् पोरगी दोन्हीकडं म्हनते. मंग शाळा इकडं करू द्या, सुट्ट्या तिकडं. मीच सांगितलं घरधन्याले. कागदानं काही लेकरू आपलं होत नाही, मी सात वर्सं कोन्त्या कागदावर सांभाळलं?"

"रात्रपाळीचं काय?"

"तुमी हाय न शेजारी," ती म्हणाली. मी होते कुठे? आमच्या ह्यांना दुसऱ्या गावच्या कारखान्यात नोकरी लागून ते महिन्यापूर्वी पुढे गेले होते, आणि मी फक्त शाळेतले नवे प्रवेश उरकायला थांबले होते. मी तसं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. मग पदर खोचून म्हणाली, "तर मंग मीच राह्यतो इथं दिवाळीपर्यंत. घरधन्याले हात हायेत, थो रांधून खाईन." आणि गाठोडं सोडायला लागली.

मेश्रामभाऊंना मी शेवटचं पाहिलं ते त्याच आठवड्यात, शाळेत. त्याच संध्याकाळी माझी गाडी होती. मी प्रवेशाच्या टेबलाशी बसले होते, पुढे मोठं रजिस्टर. तिघं आले. सुजाताचं नाव, वडिलांचं नाव, धंदा, पत्ता, सगळं मी भरलं. मेश्रामभाऊ एकेक अक्षर डोळ्यांनी पकडत होते.

"अन् वहिनीचं कुठं लिवलं?" त्यांनी विचारलं.

"त्याचा रकाना नाही भाऊ. वडिलांचं असलं की झालं."

"कसं झालं? सांभाळलं तिनं. पुढं कोनी वाचन तर त्याले समजलं पाह्यजे."

रुखमाबाई मागे सरकली. "माह्यं नाव? कावून जी? नको, नको."

"लिवा बाई," ते म्हणाले. विनवणी नव्हती, हुकूमही नव्हता. कागदात माणसांची नावं नसल्याची मला किती लाज वाटली होती हे त्यांना माहीत होतं.

शेजारच्या टेबलावरचे हेडमास्तर म्हणाले, "अहो बाई, शाळेचं रजिस्टर आहे ते, त्यात काहीही काय लिहिता?" मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, की एक महिन्याच्या वयापासून सातव्या वर्षापर्यंत मामी रुखमाबाई गणपत रामटेके हिनं सांभाळ केला. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. रुखमाबाईनं पदर तोंडात घातला. सात वर्षांत न रडलेली बाई ती, तिथे टेबलाशी उभ्याउभ्या रडली.

मी रजिस्टर मिटायला लागले, तर मेश्रामभाऊ घाईनं म्हणाले, "मिटू नका आत्ताच बाई. वलं हाय."

मग मी तसंच उघडं ठेवलं. मागे पालकांची रांग खोळंबली होती, शिपाई दोनदा येऊन गेला. रुखमाबाईला वाचता येत नव्हतं. मेश्रामभाऊ वाकून, शाईला बोट लागणार नाही असं जपून, तिला दाखवत होते की तिचं नाव कुठून सुरू होतं आणि कुठपर्यंत जातं.